बाजारातला हिशेब, शाळेतले गणित

कोलकात्याच्या बाजारात भाजीच्या गाड्यावर एक गिऱ्हाईक येते. बटाटे २० रुपये किलो आणि कांदे १५ रुपये किलो असा भाव चालू आहे. गिऱ्हाईक ८०० ग्रॅम बटाटे मागते आणि १ किलो ४०० ग्रॅम कांदे. ही मापे सहसा कोणी मागत नाही. गाड्यावरचा शाळकरी वयाचा मुलगा माल तोलून देतो, ३७ रुपये झाले म्हणून सांगतो, २०० रुपयांची नोट घेतो आणि १६३ रुपये परत करतो. हाताशी ना कागद, ना पेन्सिल, ना कॅल्क्युलेटर. हे गिऱ्हाईक वास्तविक एका संशोधन प्रकल्पासाठी आलेले असते. पुढे अशाच मुलांसमोर कागद ठेवून तितक्याच किंवा त्याहून सोप्या वजाबाकीची आणि भागाकाराची उदाहरणे मांडली जातात, आणि तिथे त्यांची गाडी अडते.

अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे नोबेल पारितोषिक विजेते अर्थशास्त्रज्ञ, हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्की, कोलकात्याचे राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि पत्रकार स्वाती भट्टाचार्जी यांच्यासह सात जणांनी केलेला हा अभ्यास फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाला. कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणारी १,४३६ मुले त्यात होती. त्यांपैकी जवळजवळ सर्वांना बाजारातले गुंतागुंतीचे हिशेब अचूक जमत होते. खरा व्यवहार नसताना, नुसता कल्पनेतला सौदा सांगितला तरी जमत होते. मात्र वस्तू, वजन आणि पैसा हे सारे काढून घेऊन निव्वळ आकडे पुढे ठेवले की जमत नव्हते.

शंकेखोर वाचकाच्या मनात जे प्रश्न येतील ते संशोधकांच्याही मनात आले होते. मुलांनी ठरावीक मालाच्या किमती पाठ केल्या असतील का? शेजारचा दुकानदार मदत करत असेल का? कागद पाहून मुले बावरत असतील का? बाजारात चूक झाली तर खिशाला झळ बसते आणि चाचणीत बसत नाही, म्हणून ती तिथे मन लावत नसतील का? यांपैकी एकाही कारणाने हा फरक उलगडत नाही, असे त्यांना आढळले.

या अभ्यासाची दुसरी बाजू आपल्या वृत्तपत्रांतून तुलनेने कमी चर्चिली गेली. जवळपासच्या शाळांतील, विक्रीचा अनुभव नसलेल्या ४७१ मुलांचीही पाहणी झाली. साधी अमूर्त उदाहरणे ही मुले बाजारातल्या मुलांपेक्षा बरी सोडवत होती. परंतु काम करणाऱ्या एक तृतीयांशाहून अधिक मुलांनी सोडवलेला बाजारी हिशेब त्यांच्यापैकी अवघ्या एक टक्का मुलांना सुटला. एकाच प्रश्नात गुणाकार, बेरीज आणि वजाबाकी एकत्र आल्या की त्यांना सांधा जुळवता येत नव्हता. लेखी रीत इतकी लांबलचक आणि संथ होती की उत्तर मिळेपर्यंत गिऱ्हाईक निघून गेले असते.

म्हणजे एकाच शहरात, कदाचित एकाच गल्लीत, मुलांचे दोन गट आहेत आणि प्रत्येकाकडे गणिताचा अर्धाच भाग आहे.

यातून दोन सोपे निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पहिला असा की शाळा निरुपयोगी आहे, खरे शिक्षण रस्त्यावरच होते. दुसरा असा की या मुलांची बुद्धी ‘व्यावहारिक’ आहे, तेव्हा त्यांना व्यवसायशिक्षणाकडे वळवावे आणि बीजगणित इतरांसाठी ठेवावे. पहिला निष्कर्ष भाबडा आहे. दुसरा त्याहून धोकादायक आहे, कारण तो जुन्या उतरंडीला विज्ञानाची भाषा पुरवतो. मानवी विचार कसा चालतो याविषयी मानसशास्त्राने गेल्या सव्वाशे वर्षांत जे जमवले आहे, ते या दोन्हींच्या विरोधात जाते.

एकोणिसाव्या शतकात शिक्षणविचारावर एका कल्पनेचा पगडा होता. मन हा स्नायूसारखा असतो. लॅटिन, भूमिती अशा कठीण विषयांची तालीम दिली की तो बळकट होतो आणि मग कुठलेही ओझे उचलतो. १९०१ मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी प्रयोगांतून ही कल्पना खिळखिळी केली. एका कामात कमावलेले कौशल्य दुसऱ्या कामात आपोआप उतरत नाही, आणि उतरलेच तर दोन कामांत जेवढे घटक समान असतील तेवढ्यापुरतेच, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्या बी.एड.च्या पाठ्यपुस्तकांत ‘अध्ययन-संक्रमण’ या नावाने हा विषय आजही शिकवला जातो. तो शिकून बाहेर पडणाऱ्या शिक्षकाला मात्र पहिल्याच दिवशी अशा पाठ्यक्रमाला सामोरे जावे लागते, ज्यात संक्रमण गृहीत धरलेले असते.

ही गोष्ट गरीब किंवा अल्पशिक्षित मुलांपुरती नाही, हे ठसवण्यासाठी मानसशास्त्रातील एक प्रसिद्ध कोडे पाहू. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी ते १९६० च्या दशकात रचले. टेबलावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला संख्या. वरच्या बाजूला दिसतात इ, क, ४ आणि ७. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असलीच पाहिजे. नियम पाळला गेला आहे की नाही हे तपासायला कोणते पत्ते उलटावे लागतील? बरोबर उत्तर ‘इ’ आणि ‘७’ हे आहे, कारण सातच्या मागे स्वर निघाला तर नियम मोडतो. विद्यापीठातील सुशिक्षित तरुणांपैकीही दहात एखाद्यालाच ते येते. बहुतेक जण ‘४’ उलटवतात, ज्यातून काहीच सिद्ध होत नाही.

१९८२ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडा विद्यापीठात रिचर्ड ग्रिग्ज आणि जेम्स कॉक्स यांनी हेच कोडे दुसऱ्या वेशात दिले. तुम्ही पोलीस आहात. बिअर पिणाऱ्याचे वय १९ च्या वर हवे असा नियम आहे. चार पत्ते म्हणजे चार माणसे: एक बिअर पीत आहे, एक शीतपेय पीत आहे, एकाचे वय २२ आणि एकाचे १६. कोणाला तपासाल? तर्काची घडण अक्षरशः तीच. तरीही सुमारे तीन-चतुर्थांश विद्यार्थ्यांनी अचूक उत्तर दिले. सोळा वर्षांच्या मुलाच्या पेल्यात काय आहे ते पाहायला हवे, हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

तर्कशक्ती म्हणून मेंदूत एखादा कप्पा असता आणि तो कमी-अधिक भरलेला असता, तर एकाच विद्यार्थ्याकडून एका वेशातल्या कोड्याला उत्तर आणि दुसऱ्या वेशातल्या कोड्याला गोंधळ मिळाला नसता. विचार हा ज्या प्रसंगात घडतो त्या प्रसंगाला धरून राहतो. तो तिथून सुटा करून दुसरीकडे नेता येतो. त्याला कष्ट लागतात आणि बहुधा कोणाची तरी मदत लागते. मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी १९८० आणि १९८३ मध्ये केलेल्या प्रयोगांत हे फार स्पष्ट दिसले. एका किल्ल्यावर चारही दिशांनी छोट्या तुकड्या पाठवून विजय मिळवणाऱ्या सेनापतीची गोष्ट त्यांनी लोकांना वाचायला दिली. मग एका वैद्यकीय समस्येचे उत्तर विचारले: गाठ जाळू शकणारा तीव्र किरण वाटेतली निरोगी पेशीजालेही जाळतो, तर काय करावे? सौम्य किरण अनेक दिशांनी सोडावेत हे उत्तर गोष्टीतच दडलेले होते, पण थोड्यांनाच ते आपणहून सुचले. ‘मघाची गोष्ट उपयोगी पडेल’ एवढे म्हणताच बहुतेकांना सुचले. त्याहून महत्त्वाचे असे की एकाऐवजी दोन सदृश गोष्टी देऊन त्यांत काय सारखे आहे हे शोधायला लावले, तेव्हा आपणहून सुचणाऱ्यांची संख्या वाढली. तुलना करायला लावणे हे शिक्षकाच्या हातातले साधन आहे, आणि त्याला खर्च काही येत नाही.

आता बाजाराकडे परत येऊ, कारण तिथे नेमके काय घडते हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. कोलकात्याच्या अभ्यासाला एक पूर्वज आहे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात तेरेझिन्या कराहेर, डेव्हिड कराहेर आणि आनालूसिया श्लीमान यांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास करून १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. बाजारात ही मुले ९८ टक्के प्रश्न बरोबर सोडवत; शाब्दिक उदाहरणांत सुमारे ७४ टक्के; नुसत्या आकड्यांत ३७ टक्के. त्यांतल्या एका नारळविक्रेत्या मुलाला चार नारळांची किंमत विचारली. एका नारळाला ३५ क्रुझेइरो. त्याने हिशेब असा केला: तीन नारळांचे १०५, त्यात ३० मिळवले की १३५, आणि एक नारळ ३५ चा, म्हणून १४०. पुढे त्यालाच कागदावर ३५ गुणिले ४ दिले. चार पंचे वीस, हातचे दोन. दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. त्याने उत्तर लिहिले २००.

चूक कुठे झाली हे प्रत्येक प्राथमिक शिक्षक क्षणात ओळखेल: हातचा गुणाकारानंतर मिळवायचा, तो आधी मिळवला. पण मोठी गोष्ट ही की २०० हे उत्तर लिहिताना त्याला खटकले नाही. बाजारात तो चार नारळांचे २०० कधीच मागणार नाही, कारण तीन नारळांचे १०५ होतात हे त्याला ठाऊक आहे. तिथे प्रत्येक आकड्याला वजन आहे. ३० म्हणजे तीस क्रुझेइरो असतात. कागदावर ३५ मधला ३ हा नुसता ३ होतो, तो तीस आहे हे विसरूनच रीत चालवायची असते. लेखी रीतीचे सामर्थ्य याच विसरण्यात आहे, कारण त्यामुळे ती नारळांना, मिनिटांना आणि मतांना सारखीच लागू पडते. मात्र ज्याला ती अर्थासह मिळाली नाही त्याच्याजवळ चूक पकडण्याचे साधनच उरत नाही.

बाजाराच्या रीतीच्या मर्यादाही इथेच दिसतात. याच मुलाने दहा नारळांची किंमत काढताना तीन, मग आणखी तीन, मग उरलेले चार असे टप्पे घेतले. दहाने गुणायचे म्हणजे शून्य वाढवायचे, ही शाळेतल्या दुसरी-तिसरीच्या मुलाला ठाऊक असलेली युक्ती त्याने वापरली नाही. बाजाराचे गणित आपल्या परिघात भक्कम असते; परिघ ओलांडायला ते शिकवत नाही. व्याजाचा दर, रोजंदारीतली कपात किंवा कर्जाच्या कागदावरची कलमे वाचायची वेळ येते तेव्हा हा परिघ अपुरा पडतो. मुलांच्या कष्टाचे कौतुक करताना हे विसरता येत नाही, आणि ती मुले बाजारात आहेत याचे कारण घरची गरज आहे, हेही नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर आपल्या बालकामगार कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना शाळेच्या वेळेबाहेर कौटुंबिक व्यवसायात हातभार लावण्याची मुभा दिली आहे. तेव्हा गाडा आणि वर्ग यांच्यामध्ये ये-जा करणारे मूल हे आपल्या कायद्याने मान्य केलेले वास्तव आहे.

इतिहासात ही दोन गणिते इतकी दूर नव्हती. विल्यम अ‍ॅडम यांनी १८३५ ते १८३८ या काळात बंगाल आणि बिहारमधील देशी शाळांची पाहणी केली, तेव्हा तिथल्या पाठशाळांत व्यापारी हिशेब आणि शेतीचे हिशेब शिकवले जात असल्याची नोंद त्यांनी केली. शुभंकराच्या नावाने ओळखली जाणारी, पद्यात बांधलेली तोंडी हिशेबाची सूत्रे बंगाली मुले घोकत. मराठी वाचकांना पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी आठवतील. रुपये-आणे आणि मण-शेर यांच्या जगात अपूर्णांकांचे हे पाढे म्हणजे बाजाराची किल्ली होती. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, त्याच सुमारास मेट्रिक मापे आली आणि या पाढ्यांची गरज ओसरली. त्यांच्यासाठी हळहळण्याचे कारण नाही. त्या शाळा कोणासाठी होत्या आणि कोणाला तिथे मज्जाव होता, हे आपल्याला माहीत आहे. परंतु पाढ्यांबरोबर तोंडी हिशेबाची प्रतिष्ठाही वर्गातून गेली, आणि तिच्या जागी दुसरे काही आले नाही.

आज परिस्थिती काय आहे? २०२४ च्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी ३०.७ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येते. २०२२ च्या २५.६ टक्क्यांवरून ही सुधारणा आहे आणि तिचे स्वागत करायला हवे. याच अहवालानुसार सहा ते चौदा वयोगटातील ९८ टक्के मुलांची नावे शाळेच्या पटावर आहेत. म्हणजे मुले शाळेत आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना हा भागाकार येत नाही. या आकड्यांचा अर्थ ‘मुलांना गणित येत नाही’ असा लावण्याची आपल्याला सवय जडली आहे. कोलकात्याच्या अभ्यासानंतर तसा अर्थ लावताना थांबावे लागेल. भागाकाराची मांडणी येत नसलेल्यांपैकी किती जण तोच हिशेब दुसऱ्या रूपात करू शकतात, हे ही चाचणी सांगू शकत नाही. तिची रचनाच त्यासाठी नाही.

धोरणकर्त्यांना हे अगदीच नवे आहे असे नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी गणितज्ञ आर. रामानुजम यांच्या अध्यक्षतेखालील गटाने शालेय गणिताचे संकुचित ध्येय आणि उच्च ध्येय यांत फरक केला होता: आकडेमोड हे पहिले, मुलाच्या विचाराला गणिती वळण लावणे हे दुसरे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीपर्यंत पायाभूत संख्याज्ञानाचे लक्ष्य ठेवले. एनसीईआरटीच्या नव्या प्राथमिक पुस्तकांत बाजार आहे, जत्रा आहे, खेळ आहेत. सीबीएसईने क्षमताधारित प्रश्नांचा वाटा निम्म्यावर नेला आहे. दिशा योग्य आहे. तरी पुस्तकात भाजीवालीचे चित्र छापल्याने पूल बांधला जात नाही. धड्याच्या सुरुवातीला गोष्ट, मग रीत, मग चाळीस उदाहरणे आणि शेवटी दोन ‘व्यावहारिक’ प्रश्न, या क्रमात व्यवहार हा सजावटीपुरता राहतो.

पूल आपोआप बांधला जात नाही, याचा पुरावा दिल्लीतच आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या २१४ बालवाड्यांतील १,५४० मुलांवर केलेला एक प्रयोग २०१७ मध्ये ‘सायन्स’ या पत्रिकेत आला. डुफ्लो आणि स्पेल्की त्यातही होत्या. मुलांची संख्या आणि आकार यांविषयीची उपजत जाण वाढवणारे खेळ त्यांना काही महिने खेळवले. ती जाण वाढली आणि वर्षभरानंतरही टिकली. पण पहिलीत गेल्यावर शाळेचे गणित शिकण्यात या मुलांना त्याचा लाभ झाला नाही. सहज समज आणि चिन्हांची भाषा या दोन्ही गोष्टी मुलाकडे असूनही त्या एकमेकींशी बोलत नाहीत. त्यांची भेट घडवणे हे काम कोणीतरी वर्गात, त्या-त्या दिवशी करावे लागते.

ते कसे करायचे याचे नमुने आपल्याकडे आहेत. दिल्लीत फरीदा खान यांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांच्या गणिताचा अभ्यास केला. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी घरगुती उद्योगांनी गजबजलेल्या श्रमिक वस्तीतील शाळकरी मुलांकडे कोणते गणिती ज्ञान असते, याचा शोध घेतला. या ज्ञानाचे स्वरूप मुलाच्या कामाप्रमाणे बदलते, हे अशा अभ्यासांतून दिसते. त्यामुळे साऱ्या देशाला एकच ‘व्यावहारिक’ धडा पुरणार नाही. शिक्षकाला आधी ऐकावे लागेल. ४३ गुणिले ११ हे मुलाने तोंडी कसे केले ते विचारायचे. दहा वेळा ४३ आणि वर एक ४३ असे तो म्हणाला, तर तेच फळ्यावर त्याच्या शब्दांत लिहायचे. शेजारी पुस्तकातली उभी मांडणी लिहायची आणि दोन्हींत सारखे काय आहे ते मुलांनाच शोधायला लावायचे. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात, अभ्यासक्रम संपवण्याचा तगादा पाठीशी असताना, याला धीर लागतो. शिक्षकाला तेवढा वेळ आणि मोकळीक देणे हे शिक्षणखात्याचे काम आहे. प्रशिक्षणाचा आणखी एक ऑनलाइन तास त्याची जागा घेणार नाही.

या चर्चेला आज निकड आहे ती एका नियमामुळे. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने शिक्षण हक्क कायद्याखालील नियम दुरुस्त करून आपल्या शाळांतील पाचवी आणि आठवीसाठी नापास न करण्याचे धोरण संपवले. अनेक राज्ये त्याआधीच या वाटेने गेली होती. तमिळनाडूने आपण जाणार नसल्याचे जाहीर केले. नापास झालेल्या मुलाला जादा शिकवणी द्यायची, निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्यायची, आणि तीतही यश आले नाही तर त्याच वर्गात ठेवायचे, अशी तरतूद आहे. नियमात आणखी एक वाक्य आहे, ज्याकडे फारसे कोणी पाहिले नाही: ही परीक्षा क्षमताधारित असावी, पाठांतरावर आणि रीतीच्या यांत्रिक कौशल्यावर आधारलेली नसावी.

हे वाक्य गंभीरपणे घ्यायचे तर पाचवीच्या गणिताच्या परीक्षेत तोंडी भाग हवा, त्याला गुण हवेत आणि उत्तराबरोबर ते कसे काढले हे विचारणारा परीक्षक हवा. ते न करता जुनीच प्रश्नपत्रिका नव्या नियमाखाली वापरली, तर १६३ रुपये बिनचूक परत करणारे मूल पाचवीत अडकेल, कारण त्याच्या कागदावरचा भागाकार चुकलेला असेल. नापास झालेल्या मुलाच्या शिक्षकाकडे फेरपरीक्षेपर्यंत फार तर साठ दिवस असतात. त्या दिवसांत त्याच्याकडून तीच उदाहरणे पुन्हा गिरवून घ्यायची, की आधी त्याला त्याचा हिशेब सांगू द्यायचा, हे सध्या त्या एकट्या शिक्षकावर सोडलेले आहे.